पोशाख मुलीकडचा

माझ्या वडिलांच्या डाव्या हातावर एका धडधाकट माणसाची पँट होती. राखाडी रंगाची, मधोमध दुमडलेली, क्रीज वर. अप्पांनी हात कोपरात वाकवून पोटाशी धरला होता आणि ते जागचे हलत नव्हते. पँटचा मालक समोरच्या ट्रायल रूममध्ये बंद दाराआड दुसरा सूट चढवत होता.

"काका, क्रीज सांभाळा हं," आतून आवाज आला. "ती एकदा मोडली की घरच्या इस्त्रीला बसत नाही."

"होय की," अप्पा म्हणाले आणि हात आणखी जरा वर घेतला.

पँटचा मालक म्हणजे निनाद वैशंपायन, माझा होणारा नवरा. बोलणी झाली होती, साखरपुडा दिवाळीनंतर धरायचा होता. आणि हे जिथं चाललं होतं ते दुकान सिंगापूरच्या ऑर्चर्ड रोडवरच्या एका मॉलमध्ये होतं. दुकानावर मोठ्या अक्षरांत 'वेन्स्ली' लिहिलं होतं. मिरजेहून इतक्या लांब येऊन माझ्या बापानं खुंटी व्हावं, एवढ्यासाठी मी पासपोर्ट काढला नव्हता.

मुलगी देण्याआधी मुलाचं घर बघून यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. ते घर जयसिंगपुरात असतं तर अप्पा सकाळच्या एस.टी.नं जाऊन जेवायला घरी परतले असते. निनादचं घर सिंगापूरला होतं, म्हणून आम्ही विमानानं घर बघायला आलो. त्याच्याकडे उतरायला अप्पांनी नकार दिला. लग्नाआधी मुलीनं तिथं राहणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी लिटिल इंडियातलं एक लहानसं हॉटेल धरलं होतं. निनादची आई, शैलाकाकू, नाशिकहून आधीच येऊन बसल्या होत्या. वडील आले नव्हते. त्यांना विमान सोसत नाही असं आम्हाला सांगितलं गेलं. काकूंबरोबर दोन दिवस काढल्यावर मला वाटू लागलं, की त्या गृहस्थांना विमान सोसत असावं, शेजारची सीट सोसत नसावी.

स्थळ सुमनमावशीनं आणलं होतं. मुलगा दिसायला चांगला, नोकरी चांगली, दात चांगले, इंग्रजी चांगलं. वाईट काय ते बघायला थोडं जवळ जावं लागे, आणि मावशी स्थळाच्या एवढ्या जवळ कधी जात नसे. लांबून बघायचं आणि ठोकून द्यायचं, ही तिची पद्धत.

पहिल्या संध्याकाळी आम्ही घर बघायला गेलो. घर बघायला आलेल्या माणसांना निनादनं काय दाखवावं? कपाट. दोन्ही दारं उघडून तो बाजूला उभा राहिला. आत शर्ट रंगानं लावलेले होते, पांढऱ्यापासून सुरू होऊन काळ्यापर्यंत, आणि खाली पँटांची रांग. "सगळं वेन्स्ली," तो म्हणाला. "मोजेसुद्धा." मग त्यानं आम्हाला सांगितलं, की तो कुठल्याही देशात गेला की आधी तिथली वेन्स्ली गाठतो, बाकीचं शहर मग. पॅरिसला गेला तेव्हा विमानतळावरून बॅगेसकट आधी दुकानात गेला होता. आमच्याकडे गावोगावच्या देवीला जाऊन ओटी भरून येणाऱ्या बायका असतात, पण त्या निदान येताना प्रसाद आणतात.

अप्पांनी आपलं भाबडेपणानं विचारलं, की हे दुकान आता पुण्यातही आहे ना? निनाद हसला. लहान मुलानं चंद्र मागितला की मोठी माणसं हसतात तसं.

"काका, पुण्यात मिळतो तो इंडियाचा कट. खरी वेन्स्ली बाहेरच."

"असं होय," अप्पा म्हणाले.

त्या कपड्यांच्या आतल्या बाजूला ते कुठल्या देशात शिवले असं लिहिलं होतं, हे मी सांगत बसणार नाही. तो विनोद कुणालाही सुचेल आणि निनाद त्यासाठी फार मोठं सावज होता.

"आणि ठेवतो किती नीट," काकू म्हणाल्या. "दोन-दोन वर्षं वापरलेले कपडे बघा, आत्ता दुकानातून काढून आणल्यासारखे दिसतात की नाही? मी तर म्हणते, दुकानातल्या माणसाला ओळखू यायचे नाहीत."

अप्पांनी काकूंसाठी इरकल आणली होती. स्वतः जाऊन, चार दुकानं फिरून, हिरवी, लाल काठाची. काकूंनी घडी उलगडली, पदर दोन बोटांत धरून चाचपला आणि म्हणाल्या, "कापड छान आहे हो. उशांचे अभ्रे होतील याचे."

"होतील की," अप्पा म्हणाले.

त्या 'की'चा मला संताप आला. अप्पा आयुष्यभर विम्याचे एजंट. लोकांच्या दारात उभं राहणं, आतून कुणी बाहेर येईपर्यंत चपलांच्या ढिगाशेजारी थांबणं आणि 'पुढच्या महिन्यात या' ऐकून हसतमुखानं परत येणं यात त्यांची चाळीस वर्षं गेली. आई म्हणायची, यांना अपमान अंगाला लागतच नाही, पाण्यासारखा ओघळून जातो. मला वाटायचं, ओघळत नाही, हे पितात.

मग मी का गप्प होते? कारण आई गेल्यापासून अप्पांना एकच घोर लागला होता. आपल्यामागं या मुलीचं कोण? तसं ते बोलले कधीच नाहीत. पण माझी तिशी उलटली तसे ते शेजारपाजारच्या लग्नांना जायचे बंद झाले. मावशीनं निनादचा फोटो आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आरशासमोर दाढी करताना शीळ घालत होते. आई असताना घालायचे, त्यानंतर पहिल्यांदाच. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर जायला निघाले होते, दारातच थांबून ती शीळ ऐकली आणि संध्याकाळी मावशीला होकार कळवला. लग्न मोडायचं तर मी ते अभ्र्यांच्या वेळीच मोडलं असतं. ती शीळ मोडायची माझी छाती नव्हती. माणूस सवयीचा गुलाम असतो, निनादचीही सवय होईल, असं मी मनाशी म्हणत होते. लोकांना मधुमेहाचीही होते.

तिसऱ्या दिवशी काकूंनी विषय काढला. नवऱ्या मुलाचा पोशाख मुलीकडचा असतो, ही रीत तर तुम्हालाही माहीत आहे. मग तो इथंच घेऊन टाकू, म्हणजे तिकडे जाऊन तुमची धावपळ नको. असं म्हणताना त्यांचा आवाज इतका मायेचा होता, की आपल्यावर उपकार होतायत असं क्षणभर मलाही वाटलं. रीत दोन्हीकडून असते आणि नवरीचा शालू मुलाकडचा असतो, हे मी अप्पांना नजरेनं सुचवलं. अप्पांनी ते चाचरत बोलून दाखवलं. शालूचं बघू, काकू म्हणाल्या, हल्लीच्या मुली एकदाच तर नेसतात.

तर अशी आमची वरात वेन्स्लीत शिरली. दुकान म्हणजे नुसता थंडगार पांढरा प्रकाश. कपडे कमी आणि मोकळी जागा जास्त, जणू श्रीमंतीचं लक्षण म्हणजे रिकामी जमीन. निनाद आत शिरताच बदलला. खांदे मागे गेले, चाल संथ झाली, आवाज खाली आला. त्यानं एका कोटाच्या बाहीवरून हात फिरवला, तेवढ्या प्रेमानं त्यानं त्या तीन दिवसांत कुठल्याही जिवंत वस्तूला हात लावला नव्हता.

काकूंनी ट्रायल रूमच्या समोरचा सोफा गाठला, चपला काढल्या आणि मांडी घालून बसल्या. बस्ता बांधायला कापडाच्या दुकानात बसतात तशा. आता गठ्ठे सुटतील, तागे उलगडतील, कुणीतरी थंड आणून देईल, अशा बेतानं त्या थांबल्या. दुकानातली मुलगी आली, हसली, काही लागलं तर सांगा म्हणाली आणि निघून गेली.

"हिला माल दाखवायचाच नाहीये," काकू म्हणाल्या. "वृंदा, तूच आण बरं काढून. तांबवेकर, तुम्हीही बघा जरा तिकडे."

आम्ही बापलेक गुमास्ते झालो. भिंतीलगत मापाप्रमाणे रांगा होत्या, प्रत्येक रांगेवर पितळी आकडा. निनाद दाराच्या फटीतून आकडा आणि रंग सांगायचा, अप्पा जाऊन आणायचे. चौतीस, राखाडी. तो नको, काका, त्याच्या शेजारचा. हा नव्हे, हा निळा झाला. अप्पा कधीही गोंधळले नाहीत, चिडलेही नाहीत. दोनदा चुकीचं आणलं तर दोनदा परत ठेवून आले, ज्या खुंटीवरचं त्याच खुंटीवर.

अंगावरची पँट निनादला आतल्या हुकाला अडकवायची नव्हती. त्या हुकांना कुणाकुणाचे कपडे लागलेले असतात, आणि शिवाय खुणा पडतात. म्हणून त्यानं दार किलकिलं करून ती आईच्या हातात दिली. काकूंचा खांदा आखडला होता म्हणे. त्यांनी ती अप्पांच्या हातावर घातली. विचारलंही नाही. समोर कठडा दिसला की माणूस टॉवेल टाकतो, तशी.

आणि अप्पा उभे राहिले.

दुसरा सूट घालून निनाद बाहेर आला. कोट अंगात बसला होता, पँट मात्र पायात लोळत होती. पाय किती दुमडायचे ते बघायला हवं होतं. दुकानातली मुलगी टाचण्या आणून देऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली, येतेच म्हणाली. काकूंना एवढा धीर नव्हता.

"वृंदा, तू बस ना खाली. टाचून दे तेवढं. त्या पोरीला काय कळणार? आणि तुलाही सवय व्हायला हवी."

मी अप्पांकडे न बघता खाली बसले. गुडघे फरशीवर टेकले आणि त्या थंड फरशीनं मला सांगितलं, की बाई, तू काय करतेयस? पण हात आपलं काम करत राहिले. मी कापड आत दुमडलं, एक टाचणी लावली.

निनाद आरशात बघत होता. "उजवी जरा वर," तो आरशाला म्हणाला. "एवढी नको. आता डावी कमी झाली." मी दोन्ही पाय सारखे केले. त्यानं टाच उचलून बघितली आणि टेकवली, ती माझ्या बोटांवर. मी बोटं काढून घेतली.

"अगं, नख लागेल," तो म्हणाला. "सूट अजून आपला नाही."

मी मान वर केली तेव्हा आरशात आम्ही तिघं दिसत होतो. निनाद मधोमध, त्याच्या गुडघ्याशी मी, आणि मागं अप्पा, हातावर पँट घेतलेले. मला त्यांच्याकडे बघवेना. पँट पेलून हात भरून आला असणार, आणि सांगायचे नाहीत. चाळीस वर्षं लोकांच्या चपलांशेजारी उभं राहून ज्याला पुरलं नाही, त्या माणसाला मी विमानात बसवून इथं आणलं होतं, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. आणि हेही कळलं, की अप्पा पँटकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. दमले असतील, असं मी समजले.

निनादला तो राखाडी रंग आता पटेना. चेहरा मेलेला दिसतो म्हणाला. मी मनात दुजोरा दिला. गडद निळा आणायला सांगून तो परत आत गेला. मी तो आणून फटीतून दिला. सोफ्यावर बसून काकूंना कंटाळा आला होता. चपला घालून त्या पलीकडच्या शालींपाशी गेल्या.

ट्रायल रूमसमोर आम्ही दोघंच राहिलो. अप्पा पुढं आले. हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"वृंदा, तुला इथं करमेल का गं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणेन तसं कशाला? राहायचंय तुला."

"तुमच्या जिवाला घोर नको," मी म्हणाले. ते जरा तुसडेपणानंच निघालं.

अप्पांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले, "असं होय."

निनादला इंडियाच्या कटाबद्दल म्हणाले होते तसंच, त्याच सुरात. मला इतका राग आला, की मी पाठ फिरवली आणि मोज्यांच्या मांडणीकडे जाऊन उभी राहिले. त्यामुळे पुढचं मी अर्धंमुर्धंच बघितलं. अप्पा शालींपाशी गेले आणि काकूंना निनादचं पाकीट, फोन आणि किल्ल्या दिल्या. खिशातून पडायला नकोत, तुमच्याकडे असू द्या म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे न बघताच पर्स उघडून सगळं आत टाकलं. मग अप्पा कुठंतरी रांगांमध्ये गेले, आणि परत आले ते हात झुलवत.

"चल," ते म्हणाले. "मला तहान लागलीय."

पँट आत देऊन टाकली असेल, असं मी धरून चालले.

मॉलच्या तळघरात खाण्याची दुकानं होती. एका ठिकाणी एक माणूस चहा एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात हातभर उंचीवरून ओतत होता. अप्पा ते बघत उभे राहिले, मग दोन चहा आणि नारळाचा जॅम लावलेले टोस्ट घेऊन आले. खुर्चीत बसल्यावर त्यांनी डावा हात लांब करून बोटं उघडली-मिटली. आपण परत जायला हवं, ते वाट बघत असतील, असं मी म्हटलं. बसू की जरा, अप्पा म्हणाले.

माझा फोन वाजला. काकू होत्या.

"वृंदा, तुझ्या वडिलांनी पँट कुठं ठेवली?"

मी म्हटलं, निनादकडे दिली असेल.

नव्हती दिली. आतापर्यंत अख्ख्या दुकानाला कळलं होतं. निनादनं निळा सूटही नापसंत करून काढून टाकला, फटीतून हात बाहेर काढून पँट मागितली, आणि त्या हातावर कुणी काही ठेवलं नाही. आता तो शर्ट आणि मोजे घालून आत बसला होता. सुटाची पँट घालून तात्पुरता बाहेर ये, असं आईनं सुचवलं होतं. पण ती पायांत लोळते, लोक काय म्हणतील, म्हणून तो ऐकेना. दुकानातल्या मुलीनं पँट कशी आहे विचारलं. राखाडी आहे, वेन्स्लीची आहे, असं काकूंनी सांगितलं, आणि त्या पोरीनं हात पसरून सगळं दुकान दाखवलं.

"इथं सगळ्याच राखाडी आहेत आणि सगळ्याच वेन्स्लीच्या," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला होता. "निनाद म्हणतोय, असल्या वेंधळ्या माणसांशी मला सोयरीक करायची नाही. मी त्याला कसंबसं आवरून धरलंय. तुम्ही दोघं आत्ताच्या आत्ता वर या, पँट शोधून द्या आणि तुझ्या वडिलांना त्याची माफी मागायला सांग. मग बघू पुढचं."

मी फोनवर हात ठेवला. अप्पांनी कुठंतरी ठेवली आणि विसरले, आता ते तीन जिने चढून वर जातील आणि एका अर्ध्या उघड्या माणसाच्या बंद दारासमोर हात जोडतील, हे मला डोळ्यांपुढं दिसत होतं. आणि 'होय की' म्हणतील.

"अप्पा, पँट सापडत नाहीये म्हणतात."

"कुठं बघितली?"

मी काकूंना विचारलं. "चौतीसच्या रांगेतली एकूण एक बघून झाली," त्या म्हणाल्या. "त्याचं माप चौतीस आहे."

मी ते अप्पांना सांगितलं. अप्पांनी टोस्ट चहात बुडवला.

"चौतीसच्यात कशी सापडेल? छत्तीसच्यात लावलीय."

मला कळेना. "कुणी लावली?"

"मी."

"पण तिचं माप—"

"चौतीस. माहीत आहे की. तासभर हातावर होती, वाचायला दुसरं काही नव्हतं."

"मग छत्तीसच्यात का?"

अप्पांनी टोस्टचा मऊ झालेला तुकडा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि हात पुसले.

"चौतीसच्यात लगेच सापडली असती," ते म्हणाले.

मी माझ्या वडिलांकडे बघत राहिले. दाढी गुळगुळीत, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, कपाळावर घाम नाही. चाळीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून या माणसानं काय काय बघून ठेवलं असेल, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"माफी मागायला या म्हणतायत," मी म्हणाले.

"तू म्हणशील तर येतो," अप्पा म्हणाले. "तुझं मन असेल तर मी मागेन की. मला जड नाही. पण तू खाली बसलीस ते मला बघवलं नाही, बाळ."

फोनमधून काकूंचा आवाज येतच होता. मी तो कानाला लावला.

"काकू, अप्पा म्हणतायत छत्तीसच्या रांगेत बघा," मी म्हणाले. "आणि पोशाखाचं राहू द्या. तो मुलीकडचा असतो, आणि मुलगी येत नाहीये."

पलीकडे काही बोललं जायच्या आत मी फोन बंद केला. दोन्ही हात चहाच्या पेल्याभोवती धरून ठेवले.

"हे स्थळ तुम्हाला हवं होतं ना?" मी शेवटी विचारलं. "फोटो आल्यावर तुम्ही शीळ घालत होता."

"मी? तू फोटो दोनदा बघितलास म्हणून घालत होतो," अप्पा म्हणाले. "मला वाटलं, पोरीच्या मनात भरला. म्हणून तर गप्प बसलो इतके दिवस. अभ्र्यांच्या वेळीसुद्धा."

"दोनदा बघितला कारण उभ्या माणसाच्या पँटला गुडघ्याशी एक सुरकुती कशी नाही, ते मला कळेना."

अप्पा इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि चहा ओतणारा माणूस ओतायचा थांबला.

पुढं काय झालं ते आम्हाला महिनाभरानं सुमनमावशीकडून कळलं. ती तावातावानं आली होती. हातचं स्थळ घालवलंत, आता बसा, हे आधी झालं, आणि मग तिनं नाशिकहून कळलेलं सांगितलं. छत्तीसच्या रांगेत पँट होती खरी. पण मधल्या वेळात दुकानातल्या पोरीला ती बिनटॅगाची दिसली. टॅग पडला असेल म्हणून तिनं नवा लावला. निनाद आतून ओरडत होता, ही माझी आहे, मी दोन वर्षं वापरतोय. त्या पोरीनं ती उलटीपालटी करून बघितली, क्रीज बघितली, आणि सांगितलं, की साहेब, ही नवीन आहे. मॅनेजर आला, त्यानंही तेच सांगितलं. खरी वेन्स्ली ती, बाहेरची, तिच्यावर वापरल्याची खूण कुठून सापडणार? शेवटी काकूंनी पाकीट काढलं आणि त्यानं स्वतःची पँट विकत घेतली, तेव्हा कुठं तो दाराबाहेर आला. भावजींना अक्कल नाही, मावशी म्हणाली, लाख मोलाचा मुलगा होता.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. मधल्या काळात माझं लग्न झालं, गावातल्याच एका माणसाशी, ज्याच्या पँटा गुडघ्याशी फुगलेल्या असतात आणि जो आपल्यासमोर कुणाला खाली बसू देत नाही. पण मावशी आली त्या सकाळचं तेवढं सांगायचं राहिलं. ती पाय आपटत गेल्यावर मी आत आले. अप्पा आरशासमोर बसले होते, गालांना साबण लावलेला. मावशीचं सगळं त्यांनी आतून ऐकलं होतं, तरी मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं.

"टॅग कितीचा लावला म्हणं?" त्यांनी विचारलं.

"ज्या रांगेत होती त्याचा. छत्तीसचा."

"मग आता सैल होत असेल त्याला," अप्पा म्हणाले, आणि वस्तरा उचलून शीळ घालायला लागले.